भूल उतरेपर्यंत

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी छापील कागदावरचा नववा प्रश्न विचारला, "याआधी पूर्ण भूल घेतली होती का? शुद्धीवर येताना काही त्रास?" सर "नाही" म्हणायला तोंड उघडणार तोच शेजारच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, "बडबडले होते." सर तिच्याकडे वळले. सहा वर्षांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते अगदी सुरळीत पार पडलं अशी त्यांची समजूत होती. ही समजूत करून दिली होती बायकोनेच. ओकाऱ्या झाल्या, हुडहुडी भरली, दोन ब्लँकेटं टाकूनही दात वाजत राहिले, एवढं त्यांना पुसट आठवत होतं. बडबडीचा विषय घरात कधी निघाला नव्हता. काय बडबडलो, असं त्यांनी विचारलं तेव्हा बायको पर्सची चेन उघडझाप करत म्हणाली, आता त्याचं काय. पण डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं होतं. त्यांना ते लिहून घ्यायचं होतं. मग दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याबद्दल सांगावं तसं बायकोने सांगून टाकलं. भेटायला आलेल्या हेडमास्तरांचा हात सरांनी घट्ट धरला होता, आणि "शाळेतले खडूचे खोके तुम्ही घरी नेता हे मला ठाऊक आहे, पण मी कुणाला सांगणार नाही," असं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा बजावलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. सर भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत होते, पण त्यांच्या डोक्यात गेली सहा वर्षं एकामागून एक उलटून आपली दुसरी बाजू दाखवायला लागली होती. त्या ऑपरेशननंतर महिन्याभरात हेडमास्तरांनी त्यांचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर, मुतारीला लागून असलेल्या खोलीत हलवला होता. सरांना वाटलं होतं, माणूस वरून रुक्ष असला तरी मनाचा चांगला, आपल्या गुडघ्यांचा विचार केला. त्यांनी आभाराचं पत्र लिहिलं होतं. त्यात 'आपण दाखवलेली आस्था मी विसरणार नाही' असं एक वाक्य होतं आणि ते वाक्य आता, या थंडगार खोलीत, त्यांना शब्दन् शब्द आठवलं. ते पत्र वाचताना हेडमास्तरांचा चेहरा कसा झाला असेल? त्यांना ती धमकीच वाटली असणार. आणि खडू! त्या वर्षापासून शाळेत खडूची एकदम लयलूट झाली होती. अर्ध्या खडूवर तास काढणाऱ्या मास्तरांच्या हातात अख्खे, कोरे, रंगीतसुद्धा खडू येऊ लागले होते. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या, वरून काहीतरी चक्रं फिरलेली दिसतात. ती चक्रं आपण फिरवली होती, आडवे पडून, नाकात नळी असताना. आणि बायको सहा वर्षं हे सगळं पोटात ठेवून रोज सकाळी समोर बसून चहा पीत होती. एकदा वाटलं तिला विचारावं, की आणखी काय काय ठेवलं आहेस. मग वाटलं, आत्ता नको.

पण खरा हादरा हा नव्हता, तो थोडा मागाहून आला. शर्टाची बाही वर करून ते रक्तदाब मोजून घेत होते. पट्टा दंडावर आवळत गेला आणि त्याबरोबरच एक विचार आवळत गेला: म्हणजे आपण बोलतो. शुद्ध नसताना आपण बोलतो, आणि खरं तेच बोलतो. बाईंनी आकडा वाचला आणि घाबरू नका म्हणाल्या.

सरांच्या पोटात पित्ताचे चार खडे होते आणि एक गुपित होतं. खडे परवा काढायचे होते. गुपित आणखी पाच आठवडे आत राहायला हवं होतं. गोष्ट अशी, की एकतीस वर्षं गणित शिकवल्यावर परीक्षा मंडळाने यंदा पहिल्यांदाच त्यांना शाळेच्या शेवटच्या वर्षाचा पेपर काढायला सांगितला होता. हे घरात कुणालाही सांगायचं नाही, अशा कागदावर त्यांनी सही केली होती आणि खरोखरच कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पेपर काढून, पाकिटात घालून, लाखेचं सील लावून दिला आणि त्यानंतर वीस दिवसांनी मेहुणीची दुसऱ्या शहरात बदली झाली. तिची मुलगी, याच वर्षी हीच परीक्षा देणारी, बॅगा आणि टेबलदिवा घेऊन सरांच्या घरी राहायला आली. नियम साफ होता. घरातलं कुणी परीक्षेला बसत असेल तर मंडळाला कळवायचं. मग तुमचा पेपर बाजूला जातो, दुसऱ्याचा घेतात. सरांनी तसं पत्र लिहिलंही होतं. टेबलाच्या खणात ते तीन दिवस होतं. चौथ्या दिवशी त्यांनी ते वाचलं, त्यातली एक अनुस्वाराची चूक दुरुस्त केली आणि परत खणात ठेवलं. भाची म्हणजे काही मुलगी नव्हे, आणि राहायला आली म्हणजे काही घरातली झाली नाही, असं ते दात घासताना स्वतःला समजावत. दात घासून झाले की ते पटेनासं होई.

त्याऐवजी त्यांनी एक वेगळाच प्रामाणिकपणा सुरू केला होता. भाचीला गणित शिकवायचंच नाही. पहिल्या आठवड्यात ती वही घेऊन आली, काका हे जरा सांगता का, आणि सरांनी वहीत डोकावलं तर ते उदाहरण त्यांच्या पेपरातल्या तिसऱ्या प्रश्नाचं सख्खं भावंड होतं. हे नीट समजावलं तर पेपर फुटला. हे सोडून दुसरं कर म्हटलं तरी फुटला. नुसती भुवई हलली तरी एवढ्या हुशार मुलीला काय ते कळेल. सर उठले आणि झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेले. तेव्हापासून हा रिवाजच पडला. ती वही घेऊन आली की सर झारी घेऊन जात, नाहीतर डोकं दुखतंय म्हणत. एकतीस वर्षांत शेजारपाजारच्या, ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या पोरांना फुकट शिकवलेला माणूस घरच्या मुलीला शिकवेना, म्हणून बायको आधी चिडली, मग गप्प झाली. भाची दोन बस बदलून कुठल्याशा शिकवणीला जाऊ लागली. ती तिथून परत आली की सर तिला जेवलीस का म्हणून विचारत, आणि ती हो म्हणे, आणि तेवढंच.

तेव्हा परवा काय होणार? आपण टेबलावर निजणार, कुणीतरी आत्मा काढून ठेवल्यासारखं काहीतरी करणार आणि मग शुद्धीवर येताना हात धरून, कुणाचा तरी हात धरून, वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करणार. त्यांना तो आवाज ऐकूही आला. प्रश्न पहिला, अ, खालीलपैकी कोणतेही चार सोडवा. नर्सबाईंचा मुलगा परीक्षेला असेल. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा असेल. शिक्षक म्हणून त्यांनी हिशोब मांडला तर कुणाचा ना कुणाचा असणारच.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं की बडबडीवर काही औषध आहे का. बाई लहानखुऱ्या, दमलेल्या आणि कशाचंही नवल न वाटणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, तोंड बंद करायचं औषध असतं तर आम्ही ते आधी सर्जनना दिलं असतं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. भूल उतरते तेव्हा मन अर्धं जागं आणि शरीर घाबरलेलं असतं. कुठे आहोत ते कळत नाही म्हणून ते ओकतं, कापतं, हातपाय झाडतं, बडबडतं. मागच्या वेळचा तुमचा अनुभव बघता यंदा मी आधीच मळमळीचं देते, हुडहुडीचं देते आणि शेवटी शेवटी एक असं देते की तुम्ही अलगद जागे व्हाल. घाट उतरताना गाडी धक्के न देता उतरावी, तसं. बडबड बहुतेक होणार नाही. एवढंच की पुढचे तीन-चार तास तुम्हाला फार शांत वाटेल. कशाचं काही वाटणार नाही. सरांनी 'बहुतेक' या शब्दावर बोट ठेवलं. बहुतेक म्हणजे किती? बाई म्हणाल्या, तुम्ही गणिताचे का हो?

त्या दोन दिवसांत सरांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. बायकोला सांगितलं, मी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत भाचीने दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही, तिचा अभ्यास बुडतो. बायको बरं म्हणाली. ती इतक्या चटकन बरं म्हणाली की वास्तविक तिथेच त्यांना शंका यायला हवी होती. शिवाय तिने डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन दोन मिनिटं काहीतरी विचारलं होतं, आणि बाईंनी घड्याळाकडे बघत बोटं मोजून काहीतरी सांगितलं होतं, हेही त्यांनी पाहिलं होतं. पण माणूस स्वतःचं गुपित सांभाळण्यात गुंतला की दुसऱ्यांची त्याला दिसत नाहीत. सर तेव्हा पाढ्यांचा विचार करत होते. त्यांचा तर्क असा, की भूल चढताना जे डोक्यात असेल तेच उतरताना वर येणार. मागच्या वेळी टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी छताच्या पांढऱ्या रंगाकडे बघत खडूचा विचार केला असणार. तेव्हा यंदा पाढे. एकोणतीसचा, कारण तो म्हणायला लक्ष लागतं आणि दुसरं काही आत शिरायला फट राहत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी हिरवा, पाठीमागे उघडा असलेला झगा घालून ते चाकांच्या खाटेवर आडवे झाले तेव्हा त्यांना वाटलं, एवढ्या उघड्या माणसाने काही झाकून ठेवायची भाषा करावी हेच मुळात विनोदी आहे. छतावरचे दिवे एकेक करून मागे गेले. डॉक्टरीणबाईंचे तेवढे डोळे दिसत होते. त्या म्हणाल्या, काहीतरी छान आठवा. सर म्हणाले, एकोणतीस एके एकोणतीस. हाताच्या शिरेतून काहीतरी गार वर सरकलं. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. कुणीतरी हसलं. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, इथपर्यंत त्यांना आठवतं.

मग जाग आली. म्हणजे आली असं म्हणणंही जरा मोठंच होईल; ती आधीपासून तिथे होती आणि सर तिच्यापर्यंत चालत गेले. मळमळ नव्हती. थंडी नव्हती. पोटात कुठेतरी दुखत होतं, पण ते शेजारच्या घरात भांडण चालू असावं तसं. ऐकू येत होतं, आपला संबंध नव्हता. खिडकीतून दुपारचं ऊन पायांवर पडलं होतं आणि ते पाय आपले आहेत ही फार आनंदाची गोष्ट वाटत होती. सलाइनच्या नळीत थेंब पडत होते. प्रत्येक थेंब पडण्याआधी जरा विचार करत होता, आणि सरांना ते योग्य वाटत होतं. इतकं निवांत आपल्याला शेवटचं कधी वाटलं होतं, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि तो प्रयत्न निम्म्यात सोडून देतानाही फार बरं वाटलं. मग त्यांना दिसलं की खाटेशेजारच्या स्टुलावर भाची बसली आहे. तिने गुडघे जवळ घेतले होते आणि मांडीवर एक पाकीट उलटं धरलं होतं.

हिला इथे यायला बंदी होती हे त्यांना आठवलं, पण वाईट वाटायचं ते वाटेना. त्यांनी विचारलं, मी काही बोललो का. जीभ जड होती. ती म्हणाली, एकोणतीस चोक किती ते नर्सला विचारलंत आणि झोपलात, बाकी काही नाही. सरांनी मान हलवली. म्हणजे जिंकलो. औषधाने काम केलं, पाढ्याने काम केलं, गुपित जिथल्या तिथे आहे. त्यांनी आत डोकावून बघितलं तर ते खरंच तिथे होतं, लाखेच्या सीलसकट. पण त्याच्याभोवती जी भिंत असायची ती दिसेना. चार महिने ती भिंत त्यांनी निष्ठेची समजली होती. ती नुसती भीतीची होती, आणि भीती तर डॉक्टरीणबाईंनी सकाळीच शिरेतून उतरवून घेतली होती. आता ते गुपित उघड्या माळावर ठेवलेल्या कपाटासारखं दिसत होतं. अगदी पूर्ण शुद्धीत, स्वच्छ आवाजात, हात वगैरे न धरता सर म्हणाले, "तुमचा गणिताचा पेपर मी काढलाय."

भाची जराही दचकली नाही. "माहीत आहे, काका," ती म्हणाली.

कसं, ते तिने सांगितलं. झाडांना दिवसातून चार वेळा पाणी घालणारा माणूस काहीतरी लपवत असतो. तीन कुंड्या कुजल्या आहेत; मावशीने त्या गुपचूप बदलल्या, तुमच्या लक्षातही आलं नाही. ज्या उदाहरणाला तुम्ही उठून जाता ते पेपरात आहे आणि ज्याला नुसतं डोकं दुखतंय म्हणता ते नाही, एवढं कळायला तिला दोन आठवडे लागले होते. तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे यादी तयार झाली होती. ती यादी बघून ती घाबरली. कारण आता अभ्यास करायला बसलं तरी तेच पान उघडायचं आणि मुद्दाम दुसरं उघडलं तरी ते मुद्दाम आहे हे तिला कळायचं. म्हणून दोन बस बदलून ती लांब जात होती. गणितासाठी नव्हे, त्या गॅलरीपासून लांब. सर ऐकत होते. आपल्या भुवया सांभाळण्यात चार महिने घालवले आणि पेपर पायांनी फुटला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू आलं. पोट दुखलं. शेजारच्या घरातलं भांडण जरा जवळ आलं होतं.

मग तिने पाकीट सुलटं केलं. त्यावर परीक्षा मंडळाचा शिक्का होता. "मी त्यांना पत्र लिहिलं," ती म्हणाली. "तुम्ही लिहाल म्हणून वाट बघितली. तुमच्या खणात होतं ते, अनुस्वार दुरुस्त केलेलं. तुम्ही टाकलं नाहीत, म्हणून मग मी लिहिलं." मंडळाचं उत्तर सरांच्या नावाने मंगळवारीच आलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत मावशीने ते उशीच्या अभ्र्यात ठेवलं होतं. सरांचा पेपर रद्द, दुसरा वापरणार. वेळेत न कळवल्याबद्दल पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. पुढे कधी पेपर काढायला बोलावतील असं तर त्यात कुठेच नव्हतं. ती हे सगळं न थांबता बोलली. मावशी सांगणार होती, पण मीच लिहिलं तर मीच सांगायला हवं. आणि आत्ताच का, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की चार वाजेपर्यंत यांना कशाचंच काही वाटणार नाही.

सरांनी पत्र वाचलं. अक्षरं जरा पोहत होती, पण अर्थ जागच्या जागी होता. एकतीस वर्षं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर कधीतरी सहज म्हणायचं होतं, यंदाचा पेपर आमचाच बरं का. ते आता म्हणता येणार नव्हतं. उलट हेडमास्तरांच्या टेबलावर या पत्राची प्रत जाणार होती आणि तो माणूस ती दोनदा, चवीने वाचणार होता. सरांना हे सगळं स्पष्ट दिसत होतं आणि ते खरोखर कुणा दुसऱ्याचं असावं इतकं सुसह्य होतं. आपण फसवले गेलो आहोत, औषधाच्या आधाराने, बायको आणि भाची आणि भूलतज्ज्ञ अशा तिघींनी मिळून, हेही कळत होतं, आणि बेत चांगला आखलेला आहे असं मनात येत होतं. त्यांनी विचारलं, किती वाजले. सव्वातीन. म्हणजे अजून पाऊण तास. ती दोघं मग राग येण्याची वाट बघत बसली, पाहुणा येणार असल्यासारखी.

चारला पाच कमी असताना पोटातलं भांडण थेट घरात आलं. मग मळमळ आली, थोडीशी. मग रागही आला. सरांनी डोळे मिटून त्याला नीट येऊ दिलं. त्याने आधी भाचीकडे मोर्चा वळवला, तिथे त्याला धरायला काही सापडेना, मग बायकोकडे गेला, तिथून हेडमास्तरांकडे, आणि शेवटी दमून खाटेवरच येऊन बसला, सरांच्याच छातीवर, त्या न टाकलेल्या पत्रासकट. मुलगी चार महिने घरात होती. तिला एक उदाहरण सांगितलं नाही. तिच्यासाठी म्हणून नाही, पेपरावर आपलं नाव राहावं म्हणून. खाली छापलेलंही नसतं ते नाव. हे चार वाजता, कुठल्याही औषधाच्या मदतीशिवाय लागलं, आणि चांगलंच लागलं. ते काही बोलणार होते, पण घशात नळीचा खरखरीतपणा होता. भाची उठून पाणी बघायला लागली. सरांनी मानेनेच नको म्हटलं आणि विचारलं, "तुला काय येत नाही?"

ती बॅगेतून वही काढून म्हणाली, संभाव्यता. बायको औषधं घेऊन दारात आली ती तिथेच थांबली. मोठ्या ऑपरेशननंतर एक दिवस सही करू नये, महत्त्वाचं काही ठरवू नये, असं तिला लिहून दिलेल्या कागदावर होतं. गणिताचं काही नव्हतं. सरांनी उशीला टेकून पेन्सिल हातात घेतली. पेटीत पाच तांबडे चेंडू, तीन पांढरे, न बघता एकापाठोपाठ एक असे दोन काढायचे, दोन्ही तांबडे निघण्याची संभाव्यता किती. हे उदाहरण त्यांनी हजारदा सांगितलं असेल. त्यांनी सावकाश लिहिलं, पाच अष्टमांश गुणिले पाच अष्टमांश, म्हणून पंचवीस छेद चौसष्ट, आणि त्याखाली सवयीने रेघ ओढली. भाचीने वही आपल्याकडे फिरवली, परत फिरवली.

"चुकलं, काका," ती हळूच म्हणाली. "एकदा बाहेर काढलेला परत आत टाकायचा नाहीये."

सरांनी बघितलं. खरंच चुकलं होतं. वर्गात असं कुणी दाखवलं असतं तर त्यांनी ती मुद्दाम केलेली चूक आहे, लक्ष आहे का बघत होतो, असं म्हणून वेळ मारून नेली असती. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही. पोटातून एक बारीक कळ वर आली आणि ते त्या कळेबरोबर विरून गेलं. त्यांनी रबर मागितला. तिने तो दिला नाही. स्वतःच खोडलं, कागदावर फुंकर घातली आणि पेन्सिल परत त्यांच्या हातात ठेवली.

"मग आता पेटीत उरले किती?" भाचीने विचारलं.

"सात," सर म्हणाले.